वाऱ्याकडची बाजू

१

आमच्याकडे माणूस बंदूक उसनी देईल, कुत्रे देईल, अडल्यानडल्याला अर्धं अंथरूणही देईल. कयाक, एकट्याने बसायची कातड्याची होडी, मात्र देणार नाही. यात कंजूषपणा नाही. दिली तरी ती दुसऱ्याला बसतच नाही. कयाक ज्याची त्याच्या अंगावर बेतलेली असते. लांबी त्याच्या पसरलेल्या हातांच्या वावेवर, रुंदी त्याच्या कमरेवर, आणि पाय टेकायची आडवी पट्टी त्याच्या पावलांपाशी. आत बसल्यावर कमरेच्या दोन्ही अंगांना त्याचीच एकेक मूठ जावी. जास्त जागा राहिली तर लाट आल्यावर माणूस एकीकडे झुकतो आणि कयाक दुसरीकडे.

माझ्या मुलाची, पाविआची, कयाक मी केली ती त्याची वाढ पुरती थांबल्यावर. त्याआधी कित्येक हिवाळे त्याने माझं डोकं खाल्लं होतं. "बाबा, तू लाकूड शोधतोयस की पिकवतोयस?" आमच्या ग्रीनलंडात झाडं नाहीत. समुद्र किनाऱ्यावर आणून टाकेल तेच लाकूड, आणि समुद्राला घाई नसते. शेवटी मनासारखं लाकूड मिळालं, आणि मी ती अशी केली की वस्तीतले शिकारी येऊन हात फिरवून गेले.

दर वसंतात कयाकीचं जुनं कातडं उतरवून नवं चढवायचं असतं. ते काम बायकांचं. सीलची ओली कातडी सांगाड्यावर ताणून तातीच्या दोऱ्याने शिवतात, आणि तेव्हा घरात जो वास सुटतो त्याने कॉफीसुद्धा चरबीची लागते. एका वसंतात माझी बायको बोलेथे आणि शेजारची जुडिथा शिवायला बसल्या होत्या. शेवटची शिवण घालण्याआधी मालकाने एकदा आत बसून दाखवायचं, अशी रीत. पाविआ बसला.

"नीट टेकून बस," मी म्हटलं.

"टेकलोय, बाबा."

मी त्याच्या कमरेशी मूठ घातली. गेली. तिच्याशेजारी दुसरी घातली. तीही गेली.

"अगं बाई, वाळलं की गं पोर!" जुडिथा म्हणाली. "बोलेथे, घरातलं सगळं नवऱ्याच्याच पानात वाढतेस वाटतं?"

"त्याचं पोट बघ आणि तूच सांग," बोलेथे म्हणाली. दोघी हसल्या. बोलेथे जरा उशिरा हसली.

मी सांगाड्यात डोकं घातलं. पाविआची पावलं पट्टीला टेकली नव्हती. मध्ये चांगली वीतभर जागा होती. वाटलं, पट्टी सरकली असेल. तशी सरकली नव्हती; गाठी माझ्याच हातच्या होत्या आणि मिठाने दगड झाल्या होत्या. माणूस वाळतो, कबूल. पण मांस झडतं, पायाची हाडं झडत नाहीत. मी डोकं बाहेर काढलं तेव्हा पाविआ माझ्याकडे बघत होता, आणि बोलेथे सुईत दोरा ओवत होती. दोरा आधीच ओवलेला होता.

"पायाशी एक फळी घाल की," ती म्हणाली. "एवढं काय बघतोस?"

मी फळी घातली.

२

आधीच्या शरदात काय झालं ते सांगितलं पाहिजे.

पाविआ आणि मी बाहेरच्या खडकांपलीकडे सीलच्या मागे गेलो होतो. सकाळी पाणी गप्प होतं. दुपारी डोंगरांवर गुळगुळीत ढग बसले आणि हवा एकदम ऊबदार झाली. आमच्याकडे ऊब आली की शहाणा माणूस किनारा गाठतो. बर्फाच्या पठारावरून उतरणारा तो वारा आधी गालाला गोंजारतो आणि मग मुळासकट उपटतो.

"चल, वळव," मी ओरडलो.

"तू हो पुढे, म्हाताऱ्या," पाविआ म्हणाला. "मागून ढकलायला कुणीतरी लागेलच तुला."

खडकांच्या रांगेपर्यंतही आम्ही पोचलो नाही. वारा एकीकडून, ओहोटी दुसरीकडून, आणि मध्ये आम्ही. लाटांना दिशाच राहिली नव्हती. पाणी जागच्या जागी उसळत होतं. अशा वेळी आम्ही दोन कयाका एकमेकींना चिकटवतो, वल्ही दोघींवर आडवी टाकतो आणि एकमेकांचे हात घट्ट धरतो. दोन अरुंद होड्यांची एक रुंद होडी होते, आणि ती सहसा उलटत नाही. वडीलधारा वाऱ्याकडच्या बाजूला असतो. पहिला मार त्याने खायचा.

वारा फिरला तर वडीलधाऱ्याने बाजू बदलायची. त्यासाठी हात सोडून, पुढून वळसा घालून पलीकडे यावं लागतं. तेवढ्यात धाकट्याने त्या बाजूला हात पुढे करून ठेवायचा, तळवा खाली, पाण्यावर. तो हात धरला जाईपर्यंत मागे घ्यायचा नाही. डोळ्यांत खारं पाणी असतं, दिसत काही नाही. येणाऱ्याला तो हात तिथे सापडला पाहिजे. आणि उशीर झाला तर वल्ह्याने कयाकीच्या कातड्यावर दोनदा ठोकायचं. ठप्, ठप्. मी इथे आहे.

वारा फिरला.

"थांब, बाजू बदलतो!"

"ये लवकर, म्हाताऱ्या!"

मी हात सोडला. पुढून वळलो तोच एका लाटेने मला उचललं आणि कुठे नेऊन टाकलं, देव जाणे. डोळे उघडले तर सगळीकडे पांढरा फेस उडत होता. उजवीकडून आवाज आला, ठप्, ठप्. आणि त्याच क्षणी डावीकडे, अगदी कोपराशी, पाविआची कयाक दिसली. वारा आवाज कुठून कुठे नेतो, हे मी मिसरूड फुटल्यापासून ऐकत आलोय. मी कानांना खोटं ठरवलं आणि डोळ्यांनी दिसली ती कयाक पकडली.

त्याचा हात पुढे नव्हता. मी कयाकीची कड धरली, मग त्याने हात दिला. हात गार होता, पण माझा काय गरम होता? एका बेटाच्या आडोशाला लागेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.  वस्तीवर पोचलो तेव्हा बोलेथे गुडघाभर पाण्यात उभी होती. लोकांनी माझी पाठ थोपटली. त्या वाऱ्यातून मुलाला आणलंस म्हणाले.

३

आमच्या घराचं दार ठेंगणं आहे. पाविआचं कपाळ रोज चौकटीवर आपटायचं, आणि रोज तो चौकटीला एक शिवी हासडायचा. चर्चच्या मास्तरांपुढे ती उच्चारण्यासारखी नाही. त्या शरदानंतर त्याचं कपाळ आपटलं नाही.

"अक्कल आली पोराला," बोलेथे म्हणाली.

मी लक्ष ठेवलं. तो वाकत नव्हता. सरळ चालत आत यायचा.

बाकी काय सांगू, मुलगा सोन्यासारखा झाला. न सांगता बर्फ फोडून पाणी आणायचा. आईच्या हातून जड भांडं काढून घ्यायचा. साखरेचा खडा दातात धरून कॉफी प्यायचा, अगदी पाविआसारखीच, आणि मी काही बोललो की "हो बाबा" म्हणायचा. मला म्हातारा म्हणायचं त्याने सोडून दिलं. पोर सुधारलं म्हणून कुठला बाप रडतो? मी मात्र रडकुंडीला आलो होतो. मला माझा उद्धट मुलगा हवा होता.

एकदा मी विचारलं, "त्या दिवशी तुझा हात पुढे का नव्हता?"

"विसरलो, बाबा. परत शिकव ना."

मग मी शिकवलं. तो बाकावर बसायचा, मी त्याच्याभोवती फिरायचो, आणि तो हात पुढे करून, तळवा खाली ठेवून, मी धरेपर्यंत थांबायचा. मुद्दाम उशीर केला तरी हात हलायचा नाही. शिकवण्यासारखा मुलगा होता.

पण ऊबदार वारा सुटला की घरात दुसराच आवाज यायचा. ठप्, ठप्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा. पहिल्यांदा वाटलं, मासे-मांस वाळवायचा मांडव हलतोय. जाऊन बघितलं, मांडव पक्का होता. कुत्र्यांची साखळी पाहिली, छपरावरचे दगड पाहिले, उलटी ठेवलेली माझी कयाक पाहिली. भर उजेडात घराला चार फेऱ्या घातल्या. आवाज घराचा नव्हताच. तो खालून, पाण्याच्या बाजूने येत होता, आणि कोरडं लाकूड असं वाजत नाही. ताणलेलं कातडं तसं वाजतं.

"दोर सुटलाय कुठलातरी, बाबा," तो म्हणायचा. "बस तू."

म्हणताना खिडकीकडे बघायचा नाही. त्याचे दोन्ही तळवे टेबलावर दाबलेले असायचे.

मन चिंती ते वैरी न चिंती, हे मला कळत होतं. थकलेल्या माणसाला काय काय ऐकू येतं, मुलं मोठी होताना कशी परकी वाटतात, सगळं मी स्वतःला समजावलं. दिवसा पटायचंही. फक्त वारा सुटला की पटायचं नाही.

४

वसंतात, त्या कयाकीला नवं कातडं चढल्यानंतर, एके दिवशी मी घरात शिरलो तर बोलेथे हातमोजे शिवत बसली होती. पाविआ बाहेर कुत्र्यांना खायला टाकत होता. तिच्या मांडीवर त्याचा जुना मोजा होता आणि हातात नवा. मी दोन्ही उचलले आणि एकमेकांवर ठेवले. नवा एका पेराने आखूड होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"बोलेथे."

तिने सुई टोचून ठेवली. "त्याच दिवसापासून. ओले कपडे मी उतरवले त्याचे. कोरडे घातले तर बाह्या लोंबत होत्या. तेव्हापासून टाके आत घेतेय. शर्ट, विजार, बूट. तुला एक कयाक दिसली, तीही आत्ता."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलायचं होतं? की हा नको, परत नेऊन टाक?"

 चूल धुमसत होती, सूप शिजत होतं, सगळं घरासारखं घर होतं.

"मग पाविआ बाहेर आहे," मी म्हटलं. "बोलेथे, तो ठोकतोय. तुलाही ऐकू येतं."

"सगळा हिवाळा? त्या पाण्यात? माणूस त्या पाण्यात किती वेळ टिकतो, एनोक? तू मला सांगतोस की मी तुला सांगू?" तिचा आवाज फुटला. "हा झोपेत मला हाक मारतो. भुकेला असतो, याला थंडी वाजते. तू एकाला सोडून आलास. मी याला सोडणार नाही."

तेवढ्यात तो आत आला. चौकटीखालून सरळ.

"सूप झालं, आई?"

"झालं, राजा. बस," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला मोजा काढून घेतला.

५

मला त्या ठोकण्याच्या मागे जायला निमित्त हवं होतं आणि ते मिळालं. किनाऱ्यावरचा बर्फ हटला, बाहेरच्या खडकांवर सील दिसू लागले. मी त्याला घेऊन निघालो. डोंगरांवर ढग गुळगुळीत व्हायला लागलेत, हे मला दिसत होतं. त्यालाही दिसत असणार. पण मी म्हटलं चल, आणि तो "हो बाबा" म्हणाला.

वारा ठरल्यासारखा आला. मी वाऱ्याकडून त्याच्या कयाकीला चिकटलो, वल्ही आडवी टाकली. त्याने माझा हात दोन्ही हातांनी धरला. आखूड बोटं, बोलेथेचा नवा मोजा. पाणी आमच्या छातीपर्यंत उडत होतं, कयाका एकमेकींवर आदळत होत्या.

ठप्, ठप्.

जवळून. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळून.

"दोर सुटलाय, बाबा," तो म्हणाला.

"इथे समुद्रात कसला दोर?"

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "तू कोण आहेस?"

त्याच्या टोपीच्या कडेवरून पाणी ओघळत होतं. चेहरा पाविआचाच होता, जरासा लहान. "मला माहीत नाही, बाबा," तो म्हणाला. "मी हात पुढे केला नव्हता. तूच धरलंस मला."

त्यात काय खोटं होतं? मी तोंड फिरवलं. आणि तेव्हा, एक लाट खाली बसली आणि दुसरी अजून उठायची होती, तेवढ्यात मला दिसलं. काळं पडलेलं शरदातलं जुनं कातडं, पाण्यात जवळजवळ बुडालेली कयाक, पुढच्या टोकाला माझ्या हातचं ठिगळ. तीच कयाक. माझ्या कोपराला लागून होती तीच, फक्त नवं कातडं चढायच्या आधीची. आत कुणीतरी पुढे वाकून बसलेलं. तोंड दिसलं नाही. वाऱ्याकडच्या बाजूला एक हात बाहेर होता, ताठ, तळवा खाली. पाणी त्याच्यावरून जायचं आणि उतरलं की तो तिथेच असायचा.

मग लाट उठली.

"बाबा, सोडू नकोस," माझ्याजवळचा म्हणाला. "मला एकट्याला येत नाही अजून. कयाक सैल आहे."

सैल होती. फळी मीच घातली होती. मी त्याच्या बोटांकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बोलेथे, मला क्षमा करू नकोस. आणि हात सोडवून घेतला.

तो ओरडला नाही, माझ्या मागे आला नाही. मी पुढून वळताना एकदाच पाहिलं. त्याने हात पुढे केला होता, पाण्यावर, तळवा खाली. बाकावर शिकवलं होतं तसा.

६

तो ताठ हात मी धरला तेव्हा तो माझ्या हातात गच्च भरला. एवढंच मला नक्की आठवतं. बेटाच्या आडोशापर्यंत मी डोळे उघडले ते फक्त वल्ह्यापुरते. आडोशाला लागल्यावर शेजारून आवाज आला.

"बाजू बदलायला इतका वेळ? म्हाताऱ्या, मला वाटलं तू जेवून येतोयस."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी शरदच चालू होता. "हे काय, एवढा बर्फ कधी पडला?" तो डोंगर बघून म्हणाला, आणि मग वल्हं मारायचं थांबला, कारण मी हुंदके देऊन रडत होतो आणि तसं त्याने मला कधी पाहिलं नव्हतं.

या वेळी बोलेथे पाण्यात उभी नव्हती. ती घरात पाठमोरी होती, चुलीशी. मी आधी आत शिरलो. माझ्यामागे चौकटीवर कपाळ आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ ती शिवी.

बोलेथेच्या हातातली पळी खाली पडली. ती वळली. तिने त्याला जवळ ओढलं, डोकं, खांदे, पाठ सगळं चाचपलं, त्याचा हात आपल्या तळव्यावर ठेवून पाहिला, बोटाला बोट लावून. मग त्याला मिठी मारून इतकी रडली की तो घाबरला. "आई, काय झालंय काय तुम्हा दोघांना?" मी सुखी होतो. हे मी लपवणार नाही. त्या घटकेला माझ्याइतका सुखी माणूस त्या किनाऱ्यावर नव्हता.

मग तिने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तो?" तिने विचारलं.

मी खिडकीतून पाण्याकडे बघितलं. तिने डोळे पुसले, पाविआला सूप वाढलं, आणि तो जेवत असताना फडताळातून नवे हातमोजे काढले. आणखी एक आखूड जोड आदल्या रात्रीच शिवून झाली होती, आत लोकर घातलेली. अंगावर कातडं घेऊन ती दाराकडे गेली.

"कुठे निघालीस या वाऱ्यात?" मी म्हटलं.

"त्याचे हात गारठले असतील."

ती गेली. खिडकीतून मला ती खाली किनाऱ्यावर दिसत होती, एका हातात ते आखूड मोजे धरून, दुसरा हात पुढे, पाण्याकडे, तळवा खाली. वारा तिला हलवत होता आणि ती हात मागे घेत नव्हती.

ठप्, ठप्.

पाविआचा चमचा थांबला. "बाबा, कोण ठोकतंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "दोर सुटलाय कुठलातरी. जेव तू."

"दोर कसला? कातडं वाजतंय." त्याने वाडगा सारला आणि उठला. "कुणाचा तरी हात पुढे आहे तिकडे. असं बसून कसं चालेल? तूच शिकवलंस ना मला?"

तो दाराशी पोचायच्या आत मी त्याचा दंड पकडला, दोन्ही हातांनी. तो हसला, मग रागावला, मग सोड म्हणाला. त्याच्यात माझ्याहून जास्त ताकद आहे.

मी अजून धरून आहे.